गळ्यात हार नसेल तर

"पण सर, हवाई हा देश नाही," दत्तप्रसाद कारखानीस तिसऱ्यांदा म्हणाले. पहिल्यांदा ते इंग्रजीत म्हणाले होते, दुसऱ्यांदा हिंदीत. तिसऱ्या वेळी वैतागून मराठीत म्हणाले, आणि प्रिन्सिपल राजन केरळातल्या पालघाटचे असल्यामुळे त्याचाही काही उपयोग झाला नाही.

"चिठ्ठी में क्या लिखा है?" राजन सरांनी विचारलं.

"हवाई."

"देन? नाइन-ए गॉट फ्रान्स. नाइन-सी गॉट स्वित्झर्लंड. नाइन-बी गॉट हवाई. फिनिश."

"सर, इट इज ए स्टेट. अमेरिका का स्टेट है."

"अमेरिका फिफ्थ-सी के पास है. एक स्कूल में दो अमेरिका कैसे देगा, मिस्टर कॉम्प्युटर?"

राजन सर सगळ्या शिक्षकांना विषयानंच हाक मारत. स्टाफरूममध्ये मिसेस हिंदी होत्या, मिस्टर फिजिक्स होते, आणि दोन मिसेस मॅथ्स असल्यामुळे एकीला मिसेस मॅथ्स सीनिअर म्हणत, ती वयानं लहान होती. शारजातल्या या शाळेत कारखानीसांना पाच वर्षं झाली होती आणि राजन सरांना त्यांचं नाव माहीत आहे याचा एकमेव पुरावा म्हणजे पगाराची स्लिप.

शाळेत नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय दिन होणार होता. प्रत्येक वर्गानं एक देश व्हायचं. चिठ्ठ्या चेअरमनसाहेबांच्या मुलीनं लिहिल्या होत्या. तिचा हनिमून नुकताच हवाईला झाला होता. ती तिथे पासपोर्ट दाखवून गेली होती, म्हणजे तो देशच. पाहुण्यांना द्यायला खऱ्या फुलांचे, हातानं ओवलेले, 'ट्रॅडिशनल' हवाईयन हार पाहिजेत असंही तिनं कळवलं होतं. आणि हे काम नववी-बच्या क्लासटीचरकडे, म्हणजे कारखानीसांकडेच यावं याला कारण असं, की शाळेत सध्या तेवढा एकच माणूस रिकामा होता.

रिकामा कसा, तर कॉम्प्युटर लॅब बंद होती. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बिघडणार, असं चेअरमनसाहेबांनी विमानात बसून वाचलं, आणि विमानातून उतरल्या उतरल्या मेमो काढला: शाळेतल्या बाराही मशीन बंद कराव्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळाव्यात, लॅबला कुलूप लावावं. शाळेचा शिपाई याकूब यानं दोन दिवस खपून बाराही मशीन अशा बांधल्या होत्या की त्या कुणाच्या घरी आंबे म्हणून पाठवता आल्या असत्या.

"सर, वो बग मतलब कीड़ा नहीं," कारखानीसांनी तेव्हा समजावलं होतं. "तारीख का प्रॉब्लेम है. प्लास्टिक का क्या संबंध?"

"आय नो, आय नो," राजन सर म्हणाले होते. "बट व्हाय टु टेक रिस्क?"

तेव्हापासून कारखानीस नववीला फळ्यावर कॉम्प्युटर शिकवत होते. फळ्यावर त्यांनी कीबोर्ड काढला होता. तो पुसू नये अशी पाटी लावली होती. मिसेस हिंदींनी त्याच्या स्पेसबारवर 'गृहपाठ' असं लिहून ठेवलं होतं.

"और एक बात," राजन सर आता म्हणाले, आणि त्यांनी पंखा एक नंबरानं कमी केला. वाईट बातमी द्यायची असली की ते पंखा कमी करत. "सेम डे कमिटी आएगी. तुम्हारा क्लास देखेगी. हाफ अ‍ॅन अवर."

"किसलिए, सर?"

"न्यू मशीन्स आ रहे हैं मार्च के बाद. वो कंपनी बोलती है, मशीन के साथ टायपिंग इन्स्ट्रक्टर फ्री. तो कमिटी बोलती है, प्रोग्रामिंग का टीचर किसलिए?" राजन सरांचा आवाज जरा मऊ झाला. "टायपिंग इज व्हिजिबल, मिस्टर कॉम्प्युटर. बच्चा टाइप करता है, पेरेंट देखता है. तुम्हारा लूप कौन देखता है? कमिटी को कुछ दिखाओ. दिखेगा तो तुम्हारा सब्जेक्ट रहेगा टेन्थ तक. नहीं दिखेगा तो..."

कारखानीसांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपत होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की महिन्याभरात बायको आणि पहिलीतली मुलगी घेऊन डोंबिवलीला भावाच्या हॉलमध्ये. तिथे सोफ्याचा पलंग होत असे. पण पलंगाचा परत सोफा करायचं तंत्र फक्त वहिनीला येत होतं, आणि ती ते मुद्दाम कुणाला शिकवत नव्हती.

"कमिटी को दिखाऊँ क्या, सर? लॅब तो बंद है."

"दॅट इज युवर सब्जेक्ट," राजन सर म्हणाले.

*

शेजारच्या अजमान शहरातल्या घरी पोचेपर्यंत कारखानीस गाडीत एकटेच बोलत होते. पुढच्या ट्रकला उद्देशून ते दोनदा "पण हवाई हा देश नाही" असं म्हणाले.

घरात अनुराधा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. समोरच्या व्हिलातल्या चाफ्याच्या फांद्या भिंतीवरून बाहेर येत, आणि खाली पडणारी फुलं गोळा करायची परवानगी तिनं तिथल्या वॉचमनकडून थालीपीठ देऊन मिळवली होती. पुढ्यात अस्मी हातात सुई घेऊन बसली होती.

"दोन पांढरी, एक लाल. परत दोन पांढरी, एक लाल," अनुराधा सांगत होती. "असं बारा वेळा. मग गाठ. किती फुलं होतील?"

"थर्टी-सिक्स."

"मराठीत."

"छत्तीस. मम्मा, धिस वन इज ब्राऊन."

"डागाळलेलं आलं तर काय करायचं सांगितलंय?"

"साइडला ठेवायचं. टेक नेक्स्ट."

कारखानीस बूट काढता काढता थांबले. एक बूट पायात, एक हातात. "परत म्हण."

"काय?"

"आत्ता जे म्हणालीस ते. बारा वेळा वगैरे."

"दोन पांढरी, एक लाल, बारा वेळा. अहो, बूट खाली ठेवा, फुलांवर माती पडतेय."

"आणि डागाळलेलं असेल तर बाजूला, नाहीतर ओव. अनु, मोजून तेच तेच परत करायचं, हा फॉर-नेक्स्ट लूप आहे! त्याच्या आत इफ-एल्स आहे!"

"आमच्याकडे ह्याला गजरा म्हणतात," अनुराधा म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातातला बूट काढून घेतला.

त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं हे कारखानीसांच्या लक्षात आलं नाही. अनुराधाच्याही आलं नाही, कारण ती पूर्ण वेळ 'काउंटर व्हेरिएबल' म्हणजे काय ते ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे किती झाली ते विसरायचं नाही, एवढंच ना? मग एवढं इंग्रजी कशाला?"

*

कारखानीस मुळात कसोशीचे. हवाईयन हार म्हणजे आपला हार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि करायचाच तर नीट करायचा होता. त्यांनी सायबर कॅफेत बसून आठ पानं छापून आणली. तिथे त्याला 'लेइ' म्हणतात. लांब सुई फुलाच्या मधोमध घालून ओवण्याच्या पद्धतीला 'कुई' म्हणतात. हा हार आपल्यासारखा पुढे लोंबत नाही. अर्धा छातीवर, अर्धा पाठीवर, खांद्यांवर टेकलेला असतो. गरोदर बाईला गाठ मारलेला हार घालत नाहीत, दोन्ही टोकं मोकळी ठेवतात. आणि घातलेला हार घालणाऱ्याच्या देखत काढत नाहीत. तो त्याचा अपमान असतो.

शेवटच्या दोन ओळींखाली त्यांनी रेघ मारली. अटी! प्रोग्रामला अजून काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी नववी-बच्या चौतीस मुलांना त्यांनी नियम सांगितला. जोड्या करायच्या. एकानं सूचना लिहायच्या, तो प्रोग्रामर. दुसऱ्यानं त्या पाळायच्या, तो मशीन. मशीननं डोकं वापरायचं नाही.

"सर, रोनित विल बी व्हेरी गुड," सान्वी म्हणाली. सान्वी वर्गात पहिली होती, आणि कुणाला विसरू देत नव्हती.

रोनित कधीच बोलत नसे. पाच महिन्यांत त्यानं एकदा हात वर केला होता, तो खिडकी उघडायला.

"कुणी काहीही म्हणो," कारखानीस म्हणाले, "कागदावर आहे तेच करायचं. मी म्हटलं तरी ऐकायचं नाही. मशीन फक्त एका शब्दाला थांबतं: ब्रेक. आणि तो फक्त मी म्हणणार. क्लिअर?"

पहिला आठवडा भयंकर गेला. सान्वीनं लिहिलं, 'टेक ए फ्लॉवर'. तिचं मशीन देवांश उठला आणि त्यानं मागच्या बाकावरच्या मुलीच्या वेणीतलं फूल काढून घेतलं.

"नॉट दॅट वन, इडियट!"

"यू डिडन्ट स्पेसिफाय," देवांश शांतपणे म्हणाला. देवांशला मशीन व्हायला मनापासून आवडलं होतं. तो घरीही मशीन झाला होता, आणि त्याच्या आईनं शाळेत फोन केला होता की 'जेव' म्हटलं तर हा विचारतो, किती वेळा?

कुणी 'पुट नीडल इन फ्लॉवर' लिहिलं, तर सुई पाकळीतून गेली. कुणी गाठ मारायचं लिहायला विसरलं, आणि हार उचलल्याबरोबर छत्तीस फुलं जमिनीवर. कुणी 'रिपीट' लिहिलं पण किती वेळा ते नाही, देवांश तो अख्खा तास ओवत बसला, घंटा झाली तरी उठेना, पुढच्या तासाला मिस्टर फिजिक्स आले आणि त्यांनी विचारलं की हा काय प्रकार आहे, तर वर्ग एका आवाजात म्हणाला, "सर, नो एंड कंडिशन!"

कारखानीस दारात उभे होते. त्यांना दोन्ही हातांनी डोकं धरावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्यांना कळत होतं की फळ्यावरच्या कीबोर्डवर चार महिन्यांत जे झालं नाही ते इथे, सुकलेल्या चाफ्यात, झालं आहे.

तालमी सुरू झाल्या. सर्वांत चांगला प्रोग्राम सान्वीचा. मशीन अर्थातच देवांश. हार ओवायचा, तपासायचा, पाहुण्यापाशी जायचं. पाहुणा गरोदर आहे का विचारायचं; हो म्हटलं तर टोकं मोकळी, नाही म्हटलं तर गाठ. मग: गळ्यात हार नसेल तर हार घाल, असेल तर 'अलोहा' म्हणून पुढच्या पाहुण्याकडे.

पाहुणा म्हणून कारखानीस स्वतः उभे राहत. ते दोन आठवडे त्यांना छत्तीस फुलांचे हार रोज दोनदा तरी घातले गेले, आणि 'आर यू प्रेग्नंट?' या प्रश्नाला त्यांनी एकूण सव्वीस वेळा 'नो' असं उत्तर दिलं. त्यामुळे त्या प्रश्नात काही वावगं आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

राहता राहिली फुलं. बारा पाहुणे, बारा हार, चारशे बत्तीस फुलं. शुक्रवारी ते बर दुबईला, देवळाच्या गल्लीतल्या फुलवाल्याकडे गेले.

"लग्न आहे की कुणी गेलं?" फुलवाल्यानं विचारलं.

"कॉम्प्युटर सायन्स," कारखानीस म्हणाले.

फुलवाल्यानं त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. त्याच्याकडे विमानानं आलेला मोगरा होता, शेवंती होती, झेंडू होता. चाफा नव्हता. चाफा कुणी विमानानं पाठवत नाही.

सोडवलं ते याकूबनं. शारजातल्या निम्म्या व्हिलांचे माळी त्याच्या गावचे होते. "कितना चाहिए, उस्ताद?" त्यानं विचारलं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सहा वाजता तो दोन बादल्या भरून चाफा घेऊन शाळेच्या फाटकात उभा होता. "खलास. अब पूरे शारजा में एक फूल नहीं है," तो अभिमानानं म्हणाला.

*

कमिटीसाठी वर्गात बारा खुर्च्या मांडल्या होत्या. मुख्य पाहुणे संजय वाकणकर, इथल्या मराठी मंडळात नावाजलेलं प्रस्थ. गेली वीस वर्षं एकही गणेशोत्सव, एकही नाटक, एकही वाढदिवस त्यांच्या भाषणाशिवाय पार पडला नव्हता. मधल्या खुर्चीवर एसीचा झोत थेट येत होता म्हणून ते डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसले. पहिल्या खुर्चीवर कमिटीतल्या मॅडम बसल्या. वय छप्पन्नच्या आसपास. राजन सर दाराशी उभे राहिले, एका डोळ्यानं घड्याळाकडे आणि एका डोळ्यानं कारखानीसांकडे बघत.

कारखानीसांनी दोन वाक्यांत सांगितलं: हा मुलगा कॉम्प्युटर आहे. हा कागद त्याचा प्रोग्राम आहे. तो कागदाबाहेरचं काहीही करणार नाही. सान्वीनं प्रोग्राम मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिला होता. देवांश टेबलापाशी बसला आणि त्यानं सर्वांसमोर एक हार ओवला. दोन पांढरी, एक लाल. डागाळलेलं बाजूला. बारा वेळा. गाठीच्या ठिकाणी थांबला. बाकीचे अकरा हार सकाळीच तयार करून ठेवले होते, टोकं मोकळी ठेवून. वाकणकर पुढे झुकून बघत होते. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. राजन सरांनी कारखानीसांकडे बघून हळूच अंगठा दाखवला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

देवांश उठला, पहिल्या खुर्चीपाशी गेला.

"मॅम, आर यू प्रेग्नंट?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"व्हॉट?" मॅडम म्हणाल्या.

"प्लीज आन्सर येस ऑर नो."

"नो! ऑफकोर्स नो!"

"थँक यू," देवांश म्हणाला, त्यानं गाठ मारली, हार त्यांच्या खांद्यांवर नीट बसवला, अर्धा पुढे, अर्धा मागे. "अलोहा."

दाराशी अंगठा दिसेनासा झाला होता.

दुसरी खुर्ची. वाकणकरांनाही तोच प्रश्न विचारला गेला, कारण मशीन भेदभाव करत नाही. ते मोठ्यानं हसले. "नो, नो. पोट आहे, पण ते वेगळ्या कारणानं." सगळे हसले. हवा जरा हलकी झाली. देवांशनं गाठ मारली आणि हार घातला.

आणि वाकणकरांनी वीस वर्षांच्या सरावानं जे करायचं तेच केलं. हात जोडले, मान लववली, आणि दुसऱ्याच क्षणी हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. आपल्याकडे प्रत्येक व्यासपीठावरचा प्रत्येक पाहुणा हेच करतो. हार गळ्यात ठेवून बसणारा माणूस हावरट दिसतो.

देवांशनं फळ्याकडे पाहिलं. गळ्यात हार नसेल तर हार घाल. त्यानं वाकणकरांच्या गळ्याकडे पाहिलं. नव्हता. त्यानं दुसरा हार घातला.

"अरे, अरे, दोन दोन!" वाकणकर खुश झाले. नमस्कार. हार टेबलावर.

तिसरा.

तिसऱ्याला कारखानीसांना कळलं. त्यांनी आठ पानं वाचली होती, अपमान होतो म्हणून हार काढत नाहीत हे वाचलं होतं, आणि हार काढलाच जाणार नाही असं धरून चालले होते. हवाईचे सगळे नियम त्यांनी प्रोग्रामात घातले होते. आपलाच एक राहिला होता.

एक शब्द. 'ब्रेक' म्हटलं की संपलं. त्यांनी तोंड उघडलं.

"सर, डोन्ट टेल!" मागून सान्वी ओरडली. ती उभी राहिली होती, तिचा चेहरा लाल झाला होता. "डोन्ट टेल, सर! वी नो! इट्स अ‍ॅन इन्फिनिट लूप!"

आणि मग एकदम हात वर झाले. आधी पाच-सहा, मग पंधरा, मग जवळजवळ सगळे. जे हात फळ्यावरच्या कीबोर्डसमोर चार महिने बाकावर मेल्यासारखे पडले होते ते हात. मुलं कुजबुजत होती, "कंडिशन चुकलीय," "नो, नो, एक्झिट नाहीये," "ही विल नेव्हर स्टॉप!"

चौथा. पाचवा. वाकणकरांचं हसू थोडं अडकलं. हात जोडताना ते आता इकडेतिकडे बघत होते.

"मिस्टर कॉम्प्युटर," राजन सर दातांच्या फटीतून म्हणाले, "स्टॉप दॅट बॉय."

"वन मिनिट, सर."

"स्टॉप!" राजन सर थेट देवांशला म्हणाले. देवांशनं कागदाकडे पाहिलं. 'स्टॉप' तिथे नव्हतं. त्यानं सहावा हार घातला.

कारखानीस थांबले. आपण थांबलो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मार्च, व्हिसा, वहिनीचा सोफा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, आणि त्याच्या मागे तिसऱ्या रांगेत एक हात वर होत होता. खिडकी आधीच उघडी होती.

"येस, रोनित," ते म्हणाले.

रोनित उठला. कुणाकडे न बघता फळ्यापर्यंत आला. सातवा हार टेबलावर गेला. रोनितनं खडू उचलला, 'गळ्यात हार नसेल तर' याच्या मधे एक छोटी खूण केली आणि वर तिरक्या अक्षरांत लिहिलं: 'अँड नॉट ऑलरेडी गिव्हन.' आठवा. मग त्याला काहीतरी आठवलं, त्यानं खाली अजून एक ओळ लिहिली: 'इफ ही रिमूव्ह्ज इट, डोन्ट माइंड. से अलोहा.' नववा. मग खडू ठेवला आणि हात पँटला पुसत जागेवर जाऊन बसला. दहावा.

"ब्रेक," कारखानीस म्हणाले.

देवांश थांबला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. चौतीस मुलांनी, इतक्या जोरात, की शेजारच्या स्वित्झर्लंडमधले दोन जण दारातून डोकावले.

समोरच्या बारा खुर्च्यांपैकी एकीतूनही टाळी आली नाही.

*

नंतर व्हरांड्यात वाकणकर त्यांच्यापाशी आले. कॉलरला एक पाकळी चिकटली होती. "कारखानीस ना तुम्ही? मला वाटलं पोरं चेष्टा करताहेत माझी."

"नाही सर. ती बरोबर करत होती. चूक माझी. हार काढून ठेवतात हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"कमाल आहे! मराठी माणूस तुम्ही, आणि हे माहीत नाही?"

तेवढ्यात राजन सर आले आणि म्हणाले, "चीफ गेस्ट वॉज गारलँडेड नाइन टाइम्स."

"टेन, सर," कारखानीस म्हणाले.

घरी सगळं ऐकून अनुराधा आधी हसत सुटली. मॅडमच्या प्रश्नापाशी तिला ठसकाच लागला. मग हळूहळू तिचं हसू ओसरलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पण अहो, तुम्हांला कुठून सुचणार होतं ते?"

"का नाही सुचणार? एवढी साधी गोष्ट."

"तुम्हांला कधी कुणी घातलाय का हार? स्टेजवर वगैरे?"

कारखानीसांनी आठवून पाहिलं. "लग्नात," ते म्हणाले.

"तो काढायचा नसतो," अनुराधा म्हणाली, आणि उठून कुकर लावायला गेली.

*

एक जानेवारी आली आणि गेली. जगात काही बिघडलं नाही. लॅब उघडली, याकूबनं प्लास्टिक सोडवलं, तेव्हा बारांपैकी तीन मशीन चालू झाल्या नाहीत. बगनं नव्हे, प्लास्टिकच्या आत धरलेल्या दमटपणानं. चेअरमनसाहेबांनी त्यावर मेमो काढला की वेळीच काळजी घेतल्यामुळे नऊ वाचल्या.

कारखानीसांना कॉन्ट्रॅक्ट पुढे न वाढवल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं. तीन ओळींचं. राजन सरांनी ते पंखा पूर्ण बंद करून दिलं. "आय टोल्ड देम," ते म्हणाले, "कारखानीस इज ए गुड टीचर." मग नाव उच्चारल्याबद्दल त्यांना स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी फाइल उघडली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीची टायपिंग इन्स्ट्रक्टर चार्ज घ्यायला आली. हाफिजा नाव, हैदराबादची, बावीस-तेवीस वर्षांची. लॅबच्या दारात ती आधी चप्पल काढून उभी राहिली. कारखानीसांनी तिला रजिस्टर दिलं, कुलपाची किल्ली दिली, कुठल्या मशीनची कुठली की अडकते ते दाखवलं. तिनं सगळं मान हलवून ऐकलं. मग जायची वेळ झाली तरी ती जाईना.

"सर, बुरा नहीं मानेंगे?"

"बोलो."

"नाइन्थ वालों का पेपर देखी मैं. उन्नों सब लूप-लूप लिखे. वाइल बोलके कुछ लिखे, अंदर कंडिशन." तिनं खाली बघितलं. "मेरेकू टायपिंग आता, सर. ये नहीं आता. कल को बच्चे पूछे तो मैं क्या बोलूँ?"

कारखानीसांनी घड्याळाकडे पाहिलं. घरी अनुराधा खोकी बांधत होती. टेप आणायची त्यांना आठवण करून दिली होती तिनं, दोनदा. बाहेर पार्किंगमध्ये शेवटची स्कूल बस हॉर्न वाजवत होती. त्यांना वैताग आला. कमिटीचा, राजन सरांचा, या पोरीचा, जिच्यासाठी त्यांची नोकरी गेली होती आणि जिला ते काय होतं तेच माहीत नव्हतं.

"बैठो," ते म्हणाले.

ती बसली. त्यांनी फळा पुसला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. खडू घेतला.

"वाइल का मतलब, जब तक," ते म्हणाले. "जब तक ये बात सच है, तब तक करते रहो. अब सबसे पहले ये सोचने का, कि वो बात झूठ कब होगी. कौन करेगा. क्यों करेगा. सामनेवाला कैसा आदमी है. वो नहीं सोचा तो..."

"एक मिनट, सर." तिनं पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि वाकून लिहायला लागली. अक्षर जरा सावकाश येत होतं तिचं.

कारखानीस थांबले. तिची ओळ पुरी झाल्यावर त्यांनी पहिलं वाक्य पुन्हा सांगितलं, या वेळी हळू, एकेक शब्द तोडून.